श्रावणातले मासे

राहीबाई आमच्या शेतावर बावीस वर्षं राबल्या. आमच्या घरात त्यांचा विषय रोज निघायचा, पण त्या मूळच्या कोण, कुठल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. नंतर कळलं ते असं: त्या भोयांच्या, गोदावरीच्या काठावर वाढलेल्या. त्यांचे वडील वैजनाथ नदीत मासे धरायचे. जाळं फाटलं की नवं येईपर्यंत महिना-महिना जायचा आणि तोवर घरातलं जे हाताला लागेल त्यावर भागवायचं. छत्रीची काडी तापवून वाकवली की तिचा गळ व्हायचा. मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधला की झिंगे गाळायची झोळी. तेलाच्या बाटलीचं तोंड कापायचं, उलटं करून आत बसवायचं. मासा आत शिरतो, त्याला बाहेरची वाट सापडत नाही. आठ-नऊ वर्षांच्या असताना हे सगळं त्यांच्या हातात बसलं होतं. पुढं बजरंग नावाच्या शेतमजुराशी लग्न झालं आणि नदी सुटली. बजरंग वारले, एकुलती लेक जामखेडला दिली, आणि राहीबाई पुणतांब्यात एका खोलीत एकट्या राहू लागल्या. सकाळी आमच्या मळ्यात यायच्या, दिवस मावळायला परत जायच्या.

मी भार्गवी. माझे वडील मार्तंडराव श्रीरामपूरला शाळेत संस्कृत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आमचं मूळ घर पुणतांब्याचं, भिक्षुकी करणाऱ्यांचं. आजोबांनी घेतलेली तीन एकर जमीन नदीच्या अगदी कडेला आहे. एका बाजूला गोदावरी, मागून वळसा घालून तिला मिळणारा ओढा; गावात जायचं तर तो ओलांडावाच लागतो. रिटायर झाल्यावर बाबा दर सोमवारी एसटीनं तिकडं जात, राहीबाईंशी चार गोष्टी बोलत, पीक बघत आणि संध्याकाळी परत येत. बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांना 'तुम्ही' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट आहे. त्या सोमवारी बाबांचा उपास होता. वर नाशिककडे चार दिवस पाऊस लागला होता, धरणांतून पाणी सोडल्याचा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरत होता. काठावरची पाण्याची मोटार बुडू नये म्हणून ती वर ओढून घ्यायची होती. आई म्हणाली, "उपाशीपोटी जाऊ नका, कानिफनाथांना फोन करा, ते माणसं लावतील." कानिफनाथ हे बाबांचे बालमित्र, गावातच राहतात. पण बाबा ऐकणाऱ्यातले नव्हते. त्यांचं वय तेव्हा त्र्याहत्तर.

बाबा आणि राहीबाईंनी मिळून मोटार वर काढली. दोराला ताण देत, पाइप खोलत, दीड वाजला. मोटारीच्या खोलीपाशी येऊन बाबा टेकले आणि राहीबाई ओढ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"वढा भरला, गुरुजी. नदीचं पानी उलटं शिरलंय. सकाळी घोट्याएवढं हुतं, आता माझ्या कमरेला लागतंय आन् वढ बी हाय."

"उतरेल ना?"

"नदी उतरली तर उतरंल."

बाबांनी कानिफनाथांना फोन लावला. तो लागला नाही. मग त्यांनी आईला फोन केला आणि तिच्याशी खोटं बोलले. इकडं पाणी वाढतंय, एसटीचं काही खरं नाही, कानिफनाथाकडे मुक्काम करतो, काळजी करू नको. संध्याकाळपर्यंत ओढा उतरेल आणि आपण खरोखरच कानिफनाथांकडे जाऊ, असं त्यांना वाटत होतं. बोलता बोलताच फोन बंद पडला. राहीबाईंचा फोन घरी चार्जिंगला लावलेला. त्यामुळं आम्ही निर्धास्त राहिलो. राहीबाईंची वाट बघणारं तर गावात कोणीच नव्हतं.

ओढा उतरला नाही. संध्याकाळपर्यंत सोयाबीन पाण्याखाली गेलं. फुलोऱ्यात आलेलं पीक, शेंग धरलेली नव्हती, त्यामुळं त्यात खाण्यासारखंही काही नव्हतं. खोलीभोवतीचा उंचवटा तेवढा कोरडा राहिला, जेमतेम एखाद्या अंगणाएवढा. खोलीत चहाचं सामान होतं, साखर तळाला गेलेली. एक माठ पाणी, चुलीचे तीन दगड, खताच्या रिकाम्या गोण्या. ओरडून पाहिलं, पण नदीच्या आवाजात स्वतःचाच आवाज ऐकू येईना. काठावरची दोन-तीन घरं लोकांनी सकाळीच रिकामी केली होती.

मंगळवारी दुपारी साखर संपली. बाबांच्या पोटात रविवारच्या रात्रीपासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं. रात्रभर ओल्या कपड्यांत बसून त्यांना ताप चढला. गोणीवर पडल्या पडल्या ते कुडकुडत होते. राहीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. बावीस वर्षांत त्यांनी बाबांना पहिल्यांदाच हात लावला असेल.

मग त्या उठल्या आणि एका खताच्या गोणीची तळाकडची शिवण शोधू लागल्या. योग्य टोक सापडलं की ती शिवण एका ओढीत पूर्ण उसवते आणि लांबच लांब दोरा हातात येतो. तशा चार गोण्या त्यांनी उसवल्या. दोरे मांडीवर वळून त्यांची एक दोरी केली. हातातल्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिनांतली एक काढली, सरळ केली आणि लोखंडी पाइपवर दगडानं ठोकून तिचं टोक वाकवलं. मोटारीचा एक नट वजनाला बांधला. मग बाबांची रबरी चप्पल उचलली.

"ती कशाला?" बाबांनी विचारलं.

"टाचेचा तुकडा घेते. पान्यावर तरंगाया पायजे काय तरी."

बाबा म्हणाले, "राहीबाई, श्रावण आहे."

"ठाऊक हाय मला. म्या बी धरते श्रावण. महिनाभर घरात मासळी आनत न्हाई."

"मग?"

"मग काय. तुमाला ताप हाय आन् पानी वाढतंय."

उंचवट्याच्या कडेला पाण्यानं हाकलून लावलेली गांडुळं वर आली होती. त्यातलं एक त्यांनी पिनेला लावलं आणि गढूळ पाण्यात दोरी सोडली. चपलेचा तुकडा थोडा हेलकावला, मग एकदम खाली गेला. त्यांनी ओढलं, वजन लागलं, आणि दुसऱ्याच क्षणी दोरी हलकी झाली. वर काढून पाहिलं तर पिन सरळ झाली होती. दुसरी पिन सरळ झाली नाही, पण तिला काटेरी दात नव्हता. मासा अर्ध्यावर आला आणि निसटला. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन पिना एकत्र धरून त्यांच्याभोवती मोटारीच्या स्टार्टरची बारीक तार गुंडाळली. तो गळ चांगला झाला होता. पण वरून वाहत आलेल्या बाभळीच्या फांदीत दोरी अडकली. राहीबाईंनी ती मनगटाला गुंडाळलेली होती. फांदीच्या ओढीनं त्या गुडघ्यावर आल्या, पायाखालची माती सुटली, आणि एक पाय पाण्यात गेला. बाबा उठून बसले, पण त्यांच्या अंगात पुढं सरकायचंही त्राण नव्हतं. राहीबाईंनी दातांनी दोरी तोडली. सगळं वाहून गेलं. मनगटावर लाल वळ राहिला.

त्या बराच वेळ तिथंच चिखलात बसल्या. दम लागला होता. बाबा म्हणाले, "जाऊ द्या. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"आन् दोन दिसाचा निघाला तर?"

राहीबाई उठल्या आणि बांधाकडे बघू लागल्या.

रानडुकरं सोयाबीनमध्ये शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनं जुन्या साड्या बांधलेल्या होत्या. आमच्याकडे सगळेच शेतकरी बांधतात. त्यातल्या बहुतेक आमच्या आईच्या होत्या. खोलीजवळच्या बांधावर एक विटलेली हिरवी साडी अजून पाण्याच्या वर फडफडत होती. ओढ्याचं पाणी त्या बांधाला खिंडार पाडून शेतात घुसत होतं, दोन हात रुंद जागेतून. राहीबाईंनी ती साडी सोडली, पहार घेतली आणि त्या पाण्यात उतरल्या. खिंडाराच्या एका बाजूला पहार ठोकली, दुसऱ्या बाजूला पाइपचा तुकडा, आणि मध्ये साडीची दुहेरी झोळी बांधली. खालच्या काठाला दगड गुंडाळले. पण कापडातून पाणी लवकर गळेना. झोळी शिडासारखी फुगली आणि पहार तिरकी होऊ लागली. तेव्हा त्यांनी खुरप्याच्या टोकानं साडीला भोकं पाडायला सुरुवात केली. बोट जाईल एवढं एक भोक, मग चार बोटं सोडून दुसरं. छातीइतक्या पाण्यात उभं राहून, एका हातानं पहार धरून, त्यांनी त्या झोळीची चाळण केली. मध्येच एक लांब साप त्यांच्या दंडाला घासून वाहत गेला. त्या हलल्या नाहीत. बाबा मला सांगत होते, "ती बाई हलली असती तर पहार गेली असती, आणि पहारीबरोबर ती पण."

दिवस कलायला लागला तेव्हा झोळीत काहीतरी धडपडलं. राहीबाईंनी दोन्ही काठ एकत्र धरून ती वर उचलली. आत एक हातभर मरळ होती, सात-आठ लहान मासे आणि दोन शिंगटे. शिंगट्याच्या पंखाशी सुईसारखा काटा असतो. घाईत त्यातला एक त्यांच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या खाली, खोल घुसला. त्यांनी काटा उपटला, हात पाण्यात बुडवला आणि मासे बादलीत टाकले.

पण बाबांनी नकार दिला. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी खाल्लं नव्हतं, आणि श्रावणात तर विषयच नको. त्यांनी राहीबाईंना हात जोडले. "तुम्ही खा. माझ्यासाठी थांबू नका. मला राग येणार नाही."

"तुमी खाल्लं तर म्या खाईन."

"हा हट्ट झाला."

"व्हय. तुमचा बी हट्टच हाय."

त्यांनी चूल पेटवली नाही. मासे बादलीत जिवंत ठेवले. बाबांना रात्रभर त्यांची फडफड ऐकू येत होती.

बुधवारी पहाटे पाणी पुन्हा चढलं. उजाडलं तेव्हा ते खोलीच्या उंबऱ्याला लागलं होतं. आता स्लॅबवर चढण्याशिवाय मार्ग नव्हता. मागच्या भिंतीला एक लोखंडी शिडी टेकलेली होती. बाबा उठले, शिडीपर्यंत गेले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसले. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा हातांची पकडच राहीना. राहीबाईंचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला होता. त्यांना बाबांना नुसतं उचलून वर घालणं शक्य नव्हतं.

त्यांनी बाबांना भिंतीला टेकवून बसवलं. स्टार्टरचं जुनं लाकडी खोकं फोडलं, चुलीचे दगड खोलीतल्या सिमेंटच्या ओट्यावर मांडले. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली होती. डाव्या हातानं, खुरप्यानं, त्यांनी मरळ साफ केली. चहाच्या पातेल्यात माठातलं उरलेलं पाणी ओतलं आणि ती शिजायला टाकली. चुलीपासून वीतभर खाली, खोलीच्या जमिनीवर पाणी पसरत होतं.

पातेलं बाबांसमोर ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, म्या अडानी हाय. पाप-पुन्याचं तुमालाच कळतं. पर तुमी हितं बसलात तर म्या बी हितंच बसनार. तुमाला टाकून म्या वर जानार न्हाई. तेवढं ध्यानात घिऊन काय ते ठरवा."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. सुजलेला हात त्यांनी पदराखाली झाकला होता. अंगावरचे कपडे तीन दिवसांचे ओले, ओठ पांढरे पडलेले. त्यांनीही सोमवारपासून काही खाल्लं नव्हतं, हे बाबांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. "मी माझ्याच उपासाचा विचार करत होतो," असं ते मला म्हणाले होते.

त्यांनी पातेलं उचललं आणि डोळे मिटून आधी पाणी प्यायलं. मग राहीबाईंनी काटे काढून दिलेला एक तुकडा, मग दुसरा. अर्धं संपल्यावर त्यांनी पातेलं पुढं सरकवलं. राहीबाईंनी उरलेलं तिथंच उभ्या उभ्या संपवलं. तोवर पाणी चुलीत शिरलं होतं आणि निखारे विझले होते.

अर्ध्या तासानं बाबा शिडी चढले. सात पायऱ्या. राहीबाई मागून खांदा लावून होत्या. पाचव्या पायरीवर बाबा थांबले. "थांबू नगा," खालून आवाज आला, "थांबलात तर माजा खांदा जाईल." ते चढले. वर पोचल्यावर पालथे पडून त्यांनी खाली हात दिला, आणि राहीबाईंचं डावं मनगट धरून त्यांना ओढून घेतलं. थोड्या वेळानं शिडी हलली, कलली आणि पाण्यात गेली.

बुधवारी सकाळी नऊ वाजता मी सहज कानिफनाथांना फोन केला होता. बाबांना कधी आणायला येऊ, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "अगं, गुरुजी कुठं आलेत हितं?" बाबा सोमवारी मळ्यात गेले होते, एवढंच मी सांगितलं. ते म्हणाले, "थांब, मी बघतो." त्यांनी सरपंचांना गाठलं, तहसीलला कळवलं. रबरी बोट यायला दुपारचा एक वाजला. ओढ्याच्या पलीकडे मी उभी होते. स्लॅबवर दोन माणसं पाठीला पाठ लावून बसलेली दिसत होती. बोट दोनदा प्रवाहानं ढकलली गेली आणि तिसऱ्यांदा खोलीला लागली. आधी कोणी उतरायचं यावरून वर काहीतरी बोलणं झालेलं मला दिसलं. बाबा आधी उतरले. राहीबाईंनी ऐकून घेतलं नसणार.

दोघांनाही श्रीरामपूरला दवाखान्यात ठेवलं. बाबांना न्यूमोनिया झाला होता, पण आठवड्यात ते उठून बसले. राहीबाईंचं जास्त होतं. तळहातात पू झाला होता, दोनदा चिरा द्याव्या लागल्या. डॉक्टर आधी म्हणाले, अंगठा राहील की नाही सांगता येत नाही. राहिला, पण तो आता पूर्ण मिटत नाही. खुरपं धरायला त्यांना त्रास होतो. जामखेडहून लेक आली होती, ती त्यांना घेऊन जाते म्हणाली. त्या गेल्या नाहीत.

बाबांनी आईला सगळं दवाखान्यातच सांगितलं. मी शेजारी होते. त्यांनी काही लपवलं नाही, मरळीपासून पातेल्यापर्यंत. आई ऐकत राहिली. तिनं आयुष्यात अंड्याच्या केकला हात लावला नव्हता. बाबांचं बोलून झालं. ती उठली, त्यांची चादर नीट केली आणि बाहेर गेली. मला वाटलं, ती रडत असेल. पण ती थेट बायकांच्या वॉर्डात गेली होती.

राहीबाईंचा उजवा हात बँडेजमध्ये होता. समोर आमच्या घरचा डबा तसाच पडलेला. आईनं तो उघडला, वरणभात कालवला आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. राहीबाई संकोचल्या. "वहिनी, राहू द्या, म्या डाव्या हातानं खाईन."

"घ्या."

दोन-तीन घास झाल्यावर आईनं विचारलं, "तिकडं यांनी काही खाल्लं का हो?"

"न्हाई," राहीबाई लगेच म्हणाल्या. "गुरुजींनी कशाला हात लावला न्हाई. निसतं पानी प्याले."

"त्यांनी मला सगळं सांगितलंय, राहीबाई."

राहीबाईंनी मान खाली घातली. आईनं पुढचा घास भरला, पण चमचा तसाच हातात धरून ठेवला.

"मीठ तरी होतं का तिथं?"

"न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "मिठाबिगरच खाल्लं त्यांनी."

आईनं मान हलवली आणि घास पुढं केला.